गोळी कुठे लागली, हे मुलीला विचारा

पत्र : माझी मुलगी आठवीत आहे. पॅरिस ऑलिम्पिकपासून तिच्या डोक्यात शूटिंग बसलंय. आमच्या भागात शिकवणी घेणारे दोघं जण सापडले. पहिल्या ठिकाणी एसी हॉल, इलेक्ट्रॉनिक टार्गेट, भिंतभर पदकांचे फोटो. पहिल्याच दिवशी तिनं दहापैकी आठ गोळ्या काळ्या गोलात मारल्या. सर म्हणाले, ‘पोरीत टॅलेंट आहे, तीन महिन्यांत स्वतःची रायफल घेऊन टाका.’ खर्च सांगितला अडीच लाखांच्या वर. दुसऱ्या ठिकाणी पत्र्याचं शेड, कागदी टार्गेट. तिथले सर म्हणाले, ‘पहिला महिना गोळी मिळणार नाही.’ तेव्हापासून मुलगी रडून राहिली. मी आणि तिचे बाबा दोघंही नोकरी करतो, घरात कोणी कधी बंदूक हातात धरली नाही. शिकवणारा चांगला की वाईट, हे आमच्यासारख्यांनी ओळखायचं कसं?
– एक आई, मनीषनगर, नागपूर

ताई,

पत्र दोनदा वाचलं. पैशाआधी तुम्ही शिकवण्याबद्दल विचारलंत, याचं फार बरं वाटलं. माझ्याकडे येणारे बहुतेक पालक ‘कोणती रायफल घेऊ?’ इथूनच सुरुवात करतात.

आधी त्या आठ गोळ्यांचं बघू, कारण तुमचा गोंधळ तिथूनच सुरू झालाय. दहा मीटर एअर रायफलच्या टार्गेटवरचा काळा गोल साडेतीस मिलिमीटरचा असतो. दहा गुणांचा ठिपका मात्र अवघा अर्धा मिलिमीटर, पेन्सिलीच्या टोकाएवढा. आपला छर्रा साडेचार मिलिमीटर जाडीचा, म्हणजे तो त्या ठिपक्याला नुसता चाटून गेला तरी दहा. स्पर्धेची रायफल इतकी अचूक असते की पकडीत घट्ट बसवून झाडली तर गोळ्या एकाच भोकात जात राहतात. पहिल्या दिवशी मुलांना रायफल स्टँडवर टेकवून देतात, आणि ते बरोबरच आहे. चार-साडेचार किलोचं वजन नवख्या मुलीनं हातावर पेलू नयेच. पण टेकवलेल्या रायफलीनं आठ गोळ्या काळ्यात गेल्या, याचा अर्थ रायफल चांगली आहे, मुलीची नजर ठीक आहे आणि तिनं सांगितलेलं ऐकलं. एवढाच. यावरून टॅलेंट दिसत नाही आणि त्याचा अभावही दिसत नाही. त्या सरांना हे ठाऊक असणारच. तरीही ते तसं बोलले, आणि त्याच दमात रायफलचा विषय काढला, हे मनात नोंदवून ठेवा. लगेच निकाल देऊ नका.

दुसऱ्या सरांचा ‘महिनाभर गोळी नाही’ हा नियम ऐकायला कडक वाटतो, पण शूटिंगमध्ये बिनगोळीचा सराव, ज्याला रेंजवर सगळे ‘ड्राय’ म्हणतात, तो खरोखर पाया आहे. मोठमोठे खेळाडूही रोज ड्राय करतात. तरी एक गोष्ट तपासायची राहते. ड्राय करताना सर तिथे असतात का? मुलांना भिंतीकडे तोंड करून उभं करायचं आणि आपण ऑफिसात मोबाइल बघत बसायचं, असा महिना गेला तर मुलगी फक्त चुका पाठ करेल. कोणी बघत नसताना केलेला ड्राय सराव हा चुकीचाच सराव होऊन बसतो, आणि तेरा वर्षांच्या मुलीचं मन मात्र त्यात पार विटून जातं. मी असते तर पहिल्या आठवड्यापासून सरावाच्या शेवटी पाच गोळ्या दिल्या असत्या. त्यावर वेगवेगळ्या प्रशिक्षकांची वेगवेगळी मतं आहेत आणि महिनाभर थांबवणारेही चांगले शिकवणारे असू शकतात.

म्हणजे एसी आणि पत्रा यावरून काही ठरत नाही. उलट नागपूरच्या बाबतीत मी एसीला नाक मुरडणार नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, त्यात शूटिंगचं जाड जॅकेट आणि पँट घालून पत्र्याखाली उभं राहिलेलं लेकरू घामानं निथळतं. घाम डोळ्यात गेला की नेम संपला. पत्र्याच्या शेडवाल्या सरांना विचारा, उन्हाळ्यात बॅच किती वाजता असते? सकाळी सहाला, असं उत्तर आलं तर माणूस विचार करणारा आहे.

आता खरं काम. दोन्ही ठिकाणी ‘आम्हाला एक पूर्ण बॅच मागे बसून बघायची आहे’ असं सांगा. दीड-दोन तास जातील, जाऊ द्या. कोणी नकार दिला तर तिथून तसंच परत या. लहान मुलांच्या हाती शस्त्र देणाऱ्यानं आईबापांना बाहेर ठेवायचं काहीच कारण नाही.

बसल्यावर मुलांकडे बघू नका, टार्गेटकडे तर मुळीच नको. सरांचे डोळे कुठे आहेत ते बघा. गोळी सुटते त्या क्षणी सर स्क्रीनकडे बघत असतील आणि ‘नऊ! अरे नऊ कशी मारली?’ असं ओरडत असतील, तर ते शिकवत नाहीयेत, मोजताहेत. मोजायला ती मशीन आहेच की. शिकवणारा माणूस मुलीच्या शेजारी, तिच्या छातीच्या बाजूला उभा राहतो. तिथून त्याला तिच्या गालाला टेकलेलं बटस्टॉक, म्हणजे रायफलचा मागचा भाग, श्वास आणि मुख्य म्हणजे ट्रिगरवरचं बोट दिसतं. गोळी सुटल्यावरही तो दोन-तीन सेकंद तिच्याकडेच बघत राहतो, कारण गोळी गेल्यावर ती डोकं लगेच उचलते की तशीच स्थिर राहते, हे त्याला बघायचं असतं.

आणि मग तो एक प्रश्न विचारतो : ‘कुठे गेली?’

मुलीनं स्क्रीन बघायच्या आधी सांगायचं असतं. ‘तीन वाजता, नऊ.’ घड्याळाच्या काट्यांवरून दिशा सांगतात. तीन वाजता म्हणजे उजवीकडे. मग दोघं स्क्रीन बघतात. आम्ही याला ‘कॉल करणं’ म्हणतो. ट्रिगर सुटला त्या क्षणी नळीच्या टोकावरची नेम धरायची रिंग कुठे होती हे मुलीनं पाहिलं असेल तरच तिला ते सांगता येतं. डोळे मिटले, दचकली, दुसरीकडे लक्ष होतं, तर सांगता येत नाही. नऊ मारून ‘नऊ’ सांगणारी मुलगी दहा मारून ‘माहीत नाही’ म्हणणाऱ्या मुलीपेक्षा पुढे आहे, कारण पहिलीला आपली चूक कुठे झाली ते कळलंय, आणि कळलेली चूक दुरुस्त होते. ताई, मला कोणी एकच कसोटी सांगा म्हटलं, तर मी हीच सांगेन. त्या बॅचमध्ये सहा महिने शिकलेल्या एखाद्या मुलाला, सरांची परवानगी घेऊन, पाच गोळ्या अशा सांगायला लावा. पाचपैकी तीन-चार बरोबर आल्या तर तिथे शिकवणं होतंय. मुलानं तुमच्याकडे ‘हे काय विचारताय?’ अशा नजरेनं बघितलं, तर भिंतीवर कितीही फोटो असोत.

मी हे इतक्या खात्रीनं सांगते त्याला कारण आहे. मी कॉलेजात एनसीसीमध्ये .२२ रायफलवर, म्हणजे बारुदाच्या गोळीच्या रायफलवर, सुरुवात केली. पुढे जिथे शिकायला गेले तिथले शिकवणारे मागे खुर्चीवर बसून दुर्बिणीतून टार्गेट बघायचे आणि सांगायचे, ‘खाली जातंय, वर धर.’ मी वर धरायची. गोळी मध्ये यायची. सगळे खूश. खरं कारण हे होतं की मी ट्रिगर झटक्यानं ओढत होते आणि नळी खाली झुकत होती. वर धरून मी ती चूक झाकत होते. पहिल्या मोठ्या स्पर्धेत घाबरल्यामुळे झटका वाढला आणि गोळ्या कुठेही जाऊ लागल्या. ती खोड मोडायला मला दोन वर्षं लागली. एकोणिसाव्या वर्षी ती दोन वर्षं फार मोठी असतात.

नंतर एका बाईंकडे गेले. त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्या हातून रायफल घेतली, माझ्याकडे पाठ फिरवली, बोल्ट, म्हणजे गोळी भरायची जागा बंद करणारा खटका, लावला आणि परत दिली. आत गोळी आहे की नाही हे सांगितलं नाही. मी नेम धरला, ट्रिगर ओढला. नुसता ‘टक्’ आवाज आला, आत काहीच नव्हतं, आणि तरी नळीचं टोक बोटभर खाली गेलं. धक्का द्यायला गोळी नव्हती, बारूद नव्हती, म्हणजे तो झटका माझाच होता. बाई काही बोलल्या नाहीत. पुन्हा रायफल घेतली, पुन्हा दिली. असं वीस वेळा. शेवटच्या चार-पाच वेळा टोक हललं नाही. त्या वीस मिनिटांत मी जे शिकले ते आधीच्या दीड वर्षात शिकले नव्हते. तुम्ही बघायला जाल तिथे असा एखादा प्रकार दिसला, कधी भरलेली तर कधी रिकामी रायफल हातात देणं, तर समजा की सरांना बोटाचं महत्त्व कळतं. एअर रायफलचा ट्रिगर इतका हलका असतो की सगळी कमाई त्या बोटाच्या पहिल्या पेरावरच होते.

अजून एक लहानशी खूण. मुलीचा नेम डावीकडे जातोय, तर सर काय सांगतात? ‘हात जरा उजवीकडे घे,’ असं म्हणाले तर कच्चं काम. जाणते सर म्हणतील, ‘डोळे मीट, श्वास सोड, आता उघड. रिंग कुठे आहे? डावीकडे? मग पाय हलव.’ शरीर आपसूक जिकडे रोखलं जातं तिकडे टार्गेट यायला हवं, म्हणून उभं राहण्याची जागा बदलायची. हातानं ओढून आणलेला नेम दहा गोळ्या टिकतो. स्पर्धेत साठ मारायच्या असतात, पंच्याहत्तर मिनिटांत. २०१८ पासून मुलींनाही साठच आहेत, आधी चाळीस होत्या.

सुरक्षेबद्दल मी थोडक्यात लिहिते, कारण त्यात चर्चेला जागाच नाही. नळी कायम टार्गेटकडे. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. रायफल खाली ठेवली की बोल्ट उघडा आणि नळीत नारिंगी सेफ्टी फ्लॅग, म्हणजे कोणालाही लांबून दिसावं की ती रिकामी आहे. ‘स्टॉप’ असा आवाज आला की सगळ्यांनी त्याच क्षणी थांबायचं. कोणीही टार्गेट बदलायला पुढे गेलं असेल तर मागे एकाही मुलाचा हात रायफलीला लागता कामा नये. कागदी टार्गेटच्या रेंजवर हे जास्त डोळे उघडे ठेवून बघा. आणि हे नियम सर स्वतः पाळतात का, तेही बघा. मुलाला समजावताना सरांनी रायफल हातात घेऊन सहज नळी मुलांच्या रांगेवरून फिरवली, तर बाकीचं कितीही चांगलं असलं तरी उठून या. छर्ऱ्याची बंदूक म्हणून तिला खेळणं समजणारी माणसं मी पाहिली आहेत. या छर्ऱ्यानं डोळा कायमचा जातो.

आता एक अशी गोष्ट, जी तुम्हाला बहुतेक कोणीच सांगणार नाही. छर्रे शिशाचे असतात. दिवसभर मुलं ते बोटांनी भरतात, टार्गेटच्या मागच्या पेटीत चेपलेल्या छर्ऱ्यांची राखाडी धूळ साचते. शिसं शरीरात गेलं तर लहान मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त घातक, मेंदूच्या वाढीला. म्हणून बघा, रेंजवर साबण आहे का? सरावानंतर सर सगळ्यांना हात धुवायला पाठवतात का? की मधल्या सुट्टीत मुलं त्याच हातांनी पोह्यांचा डबा उघडून तिथेच, लेनच्या टेबलावर खातात? आणि पेटीजवळची जमीन कोरड्या झाडूनं झाडतात की ओल्या फडक्यानं पुसतात? कोरड्या झाडूनं ती धूळ उडून सगळ्यांच्या नाकात जाते. मी हे एसी हॉलमध्येही पाहिलंय आणि पत्र्याच्या शेडमध्येही. दात घासण्यासारखी साधी सवय आहे ही, पण ती लावणारा माणूस तुमच्या मुलीची काळजी करतो, एवढं त्यातून कळतं.

मुलगी म्हणून आणखी एक. उभं राहण्याची पद्धत दुरुस्त करताना प्रशिक्षकाला खांदा, कोपर, कंबर हात लावून दाखवावं लागतं. चांगले शिकवणारे आधी विचारतात, ‘हात लावून दाखवू का?’ किंवा स्वतः तसं उभं राहून दाखवतात, किंवा काठीनं दाखवतात. आणि सगळ्यांसमोर. एकटीला थांबवून जादा तास, दार लावून चर्चा, रात्री मुलीच्या मोबाइलवर मेसेज, यातलं काहीही चालवून घेऊ नका. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा ‘पॉक्सो’ कायदा २०१२ पासून आहे, पण कायद्यापर्यंत जायची वेळच येऊ नये म्हणून पहिल्या दिवशीच सरांना शांतपणे सांगून टाका की मेसेज आईच्या नंबरवर करायचे. चांगल्या माणसाला याचा राग येत नाही.

आता रायफल. पहिलं वर्षभर क्लबच्या रायफलीवर शिकू द्या. मुलगी वाढीच्या वयात आहे. आज तिच्या मापानं घेतलेलं जॅकेट पुढच्या वर्षी तिला होणार नाही, आणि रायफलचं बटही सतत जुळवत राहावं लागेल. घ्यायची वेळ आलीच तर सेकंडहँडही चालते, फक्त हवेच्या सिलिंडरवरची तारीख वाचा. २०० बार इतक्या दाबापर्यंत हवा भरलेली ती नळी असते, बहुतेक कंपन्या दहा वर्षांची मुदत देतात, आणि मुदत संपलेलं सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात ते बंद गाडीत विसरू नका. साडेचार मिलिमीटरच्या स्पर्धेच्या एअर रायफलला शस्त्रपरवाना लागत नाही, .२२ ला लागतो. सध्या तुमचा त्याच्याशी संबंध नाही. पण सर स्वतःच रायफल विकत असतील किंवा एकाच दुकानाचा आग्रह धरत असतील, तर त्यांचा सल्ला घ्या आणि खरेदीचा निर्णय दुसऱ्या कोणाला विचारून करा.

फोटो आणि पदकांबद्दल. भिंतीवरच्या मुलांपैकी किती जणांनी तिथेच सुरुवात केली आणि किती जण तयार होऊन आले, हे विचारा. तीन वर्षांपूर्वी आलेली किती मुलं अजून येतात, हेही विचारा. मला दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. सरांनी आंतरराष्ट्रीय संघटनेचा किंवा राष्ट्रीय रायफल असोसिएशनचा प्रशिक्षक-कोर्स केलाय का, हे जरूर बघा, पण उत्तम खेळाडू उत्तम शिकवतोच असं नाही. दोन्ही ज्यांना जमलं अशी माणसं आपल्या महाराष्ट्रात आहेत. दीपाली देशपांडे २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये खेळल्या, आणि पुढे त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला ब्राँझ आणलं. तो २००९ मध्ये राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत आला होता. मधली पंधरा वर्षं मोजा, आणि मग ‘तीन महिन्यांत’ हा शब्द पुन्हा ऐका. दहावीच्या ग्रेस मार्कांचं आमिष दाखवून घाई करणारेही भेटतील. ते मार्क मिळाले तर मिळाले. त्यासाठी शूटिंग शिकायचं नसतं.

रायफल धरताना पाठ मागे झुकते आणि कमरेत पीळ पडतो. वाढत्या मुलीला त्याची सवय नुसत्या सरावानं लागली तर पुढे कंबर धरते. म्हणून बॅचमध्ये वीस मिनिटं तरी व्यायाम हवा : पोट, पाठ, खांदे. ‘शूटिंगला काय व्यायाम लागतो, उभंच तर राहायचं,’ असं म्हणणारे सर नकोत. आणि मुलीचा कोणता डोळा प्रबळ आहे, म्हणजे ती आपसूक कोणत्या डोळ्यानं नेम धरते, हे पहिल्या आठवड्यात तपासलं का, तेही विचारा. उजव्या हाताची मुलगी डाव्या डोळ्याची निघाली तर तिला कसं शिकवायचं हे सुरुवातीलाच ठरवावं लागतं. दोन वर्षांनी कळलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

तुम्ही या शनिवारी एका ठिकाणी आणि पुढच्या शनिवारी दुसऱ्या ठिकाणी बसून या, तोवर कुठेही वर्षाची फी भरू नका. माझा अंदाज विचाराल तर दोन्ही ठिकाणी काही चांगलं, काही वाईट दिसेल. एसी हॉलमध्ये एखादी तरुण सहायक प्रशिक्षक मुलांशेजारी उभी राहून नीट शिकवत असेल, तर मोठ्या सरांच्या बोलण्याकडे दुर्लक्ष करून तिची बॅच मागून घ्या. पत्र्याच्या शेडमधले सर महिनाभर खरोखर बाजूला उभे राहत असतील, तर साबण तुम्ही नेऊन ठेवा आणि मुलीला तिथे घाला.

आणि ती रडून राहिली ना, तिला माझ्याकडून एक काम द्या. रात्री जेवणाआधी अनवाणी, पाय खांद्याएवढे लांब ठेवून, डोळे मिटून उभं राहायचं आणि तळपायावर लक्ष ठेवायचं. वजन टाचेवर जातं, चवड्यावर येतं, डावीकडे कलतं, ते सगळं जाणवेल. वीस सेकंदांपासून सुरुवात, रोज पाच वेळा. तुम्ही तिच्या मागे उभ्या राहा. दहा सेकंदांनी थांबवून विचारा, ‘आत्ता कुठे कललीस?’ आणि डोळे उघडायच्या आधी तिला सांगू द्या.